बेलफास्टच्या सहा इंची तोफा, तळापासून वर

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून टूली स्ट्रीट ओलांडली की थेम्सच्या काठाला उभी असलेली एचएमएस बेलफास्ट दिसते. 1938 साली पाण्यात उतरलेली ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, 1971 पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. चार टरेट, म्हणजे फिरते पोलादी बुरूज, प्रत्येकात तीन, अशा सहा इंची (नळीचं तोंड सहा इंच रुंद) बारा तोफा तिच्यावर आहेत. बहुतेक लोक डेकवर तोफांसमोर फोटो काढतात आणि वर ब्रिजकडे, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीकडे, निघतात. माझं सांगणं असं, की आधी खाली उतरा. डेकवर दिसतो तो टरेटचा फक्त वरचा मजला. निम्म्याहून जास्त यंत्रणा खाली आहे. शिड्या जवळजवळ उभ्या आहेत. उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत, पाठीवर मोठी सॅक नको.

तळाशी गोळ्यांची खोली वेगळी आणि दारूचं कोठार वेगळं. गोळा 112 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 51 किलो. त्यामागे 30 पौंड, साडेतेरा किलोंच्या आसपास कॉर्डाइट, म्हणजे तोफेची दारू, रेशमी पिशवीत भरलेलं. रेशीम अशासाठी, की ते पूर्ण जळतं. दुसरं कापड धुमसत राहिलं तर पुढची पिशवी आत जाताच पेट घेऊ शकते. गोळा आणि दारू वेगवेगळ्या हॉइस्टमधून, म्हणजे माल चढवणाऱ्या लिफ्टमधून, वर जातात. कोठाराच्या वाटेवरची दारं अशी, की ज्वाळा एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात शिरू नये. यामागे 1916 ची जटलंडची लढाई आहे. तिथे ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) स्फोट होऊन बुडाल्या. वेग वाढवायचा म्हणून दारं उघडी ठेवायची आणि दारू बाहेर साठवून ठेवायची, ही सवय जिवावर बेतली.

टरेटच्या आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो जागेचा अपुरेपणा. तीन ब्रीच, म्हणजे तोफा भरायची मागची तोंडं, तिन्हींचे लोक, हॉइस्टची तोंडं, सगळं एका पोलादी खोलीत. नीट पाहिलंत तर मधली तोफ बाजूच्या दोघींपेक्षा 30 इंच, म्हणजे 76 सेंटीमीटर मागे बसवलेली दिसेल. तिन्ही एकदम उडाल्या तर बाजूच्या नळ्यांतून सुटणारा वायू मधल्या गोळ्याला ढकलतो आणि नेम फाकतो, म्हणून हे अंतर.

भरण्याचा क्रम असा: ब्रीच उघडायचं, नळीत जळका तुकडा राहिलेला नाही याची खात्री करायची, गोळा ठासायचा, मागोमाग कॉर्डाइटची पिशवी, ब्रीच बंद, लॉकमध्ये पेटवणारी छोटी ट्यूब. ब्रीचच्या पेचाचे आटे सलग नाहीत, मधे मधे कापलेले आहेत. त्यामुळे ठोकळा सरळ आत जातो आणि थोडासा फिरवला की अडकतो. इथे पितळी काडतूस नाही, म्हणून वायू मागे निसटू नये हे काम ब्रीचच्या तोंडाशी असलेली लवचीक गादी करते. दाबाखाली ती फुगते आणि फट बुजवते. गादीला चीर किंवा कचरा असेल तर तापलेला वायू तिथूनच वाट काढतो आणि पोलाद खातो.

सगळ्यात जास्त चुकतं ते ठासण्यात. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा असतो, तो नळीच्या आतल्या पिळदार खाचांत घट्ट रुतला पाहिजे. अर्धवट रुतला तर नळी उंचावल्यावर गोळा मागे सरकतो, नाहीतर बाजूने वायू निसटून तो अलीकडे पडतो. ट्यूब उडाली आणि तोफ नाही उडाली, तर ब्रीच लगेच उघडायचं नाही, ठरलेला वेळ थांबायचं. दारू आत उशिरा पेट घेऊ शकते.

हे सगळं जमलं तर एका तोफेतून मिनिटाला आठ गोळे, म्हणजे दर साडेसात सेकंदांना एक. बारा तोफांचा हिशेब केला तर मिनिटाला जवळजवळ पाच टन पोलाद. लांबचा पल्ला असेल तर हा वेग टिकत नाही, कारण फार उंचावलेली नळी भरता येत नाही. दर वेळी ती खाली आणायची, भरायची, पुन्हा चढवायची. पूर्ण 45 अंशांवर पल्ला 23 किलोमीटरच्या पुढे जातो.

तोफ सुटली की नळी मागे येते. सिलिंडरमधला द्रव बारीक वाटांतून ढकलला जातो आणि धक्का तिथे जिरतो. मग दाबलेली हवा नळीला पुन्हा पुढे लोटते. हवेचा दाब उतरला असेल तर उंचावलेली नळी जागेवर पूर्ण येत नाही. म्हणूनच अशा तोफांवर गोळीबाराआधी दाब तपासणं हे रोजचं काम.

नेम मात्र टरेटमध्ये धरला जात नसे. वरच्या डायरेक्टर टॉवरमधून लक्ष्याची दिशा आणि अंतर, खाली ट्रान्समिटिंग स्टेशनमध्ये त्यावर यांत्रिक गणित, आणि उत्तर टरेटमधल्या डायलवर काट्याच्या रूपात. तिथल्या माणसाने आपला काटा त्या काट्यावर जुळवत ठेवायचा. ट्रान्समिटिंग स्टेशन चुकवू नका. माझ्या मते जहाजातली सगळ्यात हुशार खोली तीच.

मराठी माणसाला यात आणखी एक धागा सापडेल. 1957 साली भारतीय नौदलात दाखल झालेली आयएनएस म्हैसूर, म्हणजे पूर्वीची एचएमएस नायजेरिया, हिच्यावर याच जातीच्या सहा इंची नऊ तोफा होत्या. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरच्या कारवाईत ती होती. 1985 मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. तिच्या टरेटमध्ये काम कसं चालत असेल हे पाहायचं असेल, तर बेलफास्टवर दोन-तीन तास हाताशी ठेवून या, आणि सुरुवात तळापासून करा.