तुम्ही विचारलंत म्हणून: पीटर गेब्रिएलनं जेनेसिस का सोडलं?

पीटर गेब्रिएलची गाणी कुणालाही ऐकवली की हा प्रश्न येतोच: जेनेसिस हा ब्रिटिश रॉक बँड ऐन भरात असताना त्याचा हा गायक बाहेर का पडला? भांडण झालं होतं का?

कुरबुरी होत्या. त्यातली काही शाळेपासूनची पोरं, सगळेच गाणी रचणारे. १९७२ साली डब्लिनमध्ये गेब्रिएल बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून रंगमंचावर आला. बाकीच्यांना आधी पत्ताही नव्हता. त्यानंतर जेनेसिस म्हणजे गेब्रिएल असंच लोक धरून चालले, आणि ते इतरांना लागत होतं.

पण माझ्या मते खरं कारण घरात होतं. १९७४ साली त्याची पहिली मुलगी जन्मली तीच अत्यवस्थ. तिला इनक्युबेटरमध्ये ठेवलं होतं, आणि इकडे बँडला दुहेरी अल्बम पुरा करून दौऱ्यावर निघायचं होतं. बापाची काय ओढाताण चालली आहे हे मित्रांना उमगलं नाही; पुढे त्यांनीच तसं कबूल केलं. अमेरिकेत दौरा सुरू होताच, क्लीव्हलंडला, त्यानं सांगून टाकलं की मी बँड सोडतोय. तरीही मे १९७५ पर्यंतचे कार्यक्रम अर्ध्यावर टाकले नाहीत. मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला तो इथून.

मग तो घरी बसला, भाजीपाला लावला. १९७७ साली परतला तो ‘सॉल्सबरी हिल’ घेऊन. बाथ शहराजवळच्या टेकडीवरचं, बँड सोडण्याबद्दलचंच हे गाणं. आणि ते आहे सात मात्रांचं! रूपक ताल कानात मुरलेल्या आपल्या लोकांना सात मात्रांचं अप्रूप नाही, पण चारच्या ठेक्यावर चालणाऱ्या रॉकमध्ये हे धाडसच. पायानं ठेका धरून बघा, दर आवर्तनाला पाय उलटा पडतो. तरी गाणं कुठे अडखळत नाही.

१९८०च्या अल्बममध्ये त्यानं ड्रमरना सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्या, वाजवायला सरळ मनाई केली. त्यातला एक ड्रमर कोण, तर फिल कॉलिन्स, म्हणजे जेनेसिसमध्ये त्याच्या जागी गायला उभा राहिलेला मित्र. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी एक माइक टांगलेला असायचा. त्यातून ड्रमचा आवाज अफाट मोठा येतोय हे लक्षात आलं. मग ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगॅमनं तो घुमारा मध्येच कापायची युक्ती केली: धाड्‌कन आवाज, आणि लगेच शांतता. ‘इंट्रूडर’ या गाण्याची सुरुवात ऐका. ऐंशीच्या दशकातले निम्मे ड्रम या खोलीतून निघाल्यासारखे वाटतात. त्याच अल्बमच्या शेवटी ‘बिको’ आहे, दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीतल्या मारहाणीनं मेलेल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यावरचं.

१९८६चा ‘सो’ हा अल्बम आणि त्यातल्या ‘स्लेजहॅमर’चा व्हिडिओ सगळ्यांना माहीत असतात, त्यावर वेळ घालवत नाही. १९८२ जास्त महत्त्वाचं. जगभरचे कलाकार एकत्र आणणारा वोमॅड महोत्सव त्यानं त्या वर्षी मित्रांबरोबर सुरू केला आणि कर्जात बुडाला. तेव्हा धावून आलं कोण? जेनेसिस. मिल्टन कीन्सच्या मैदानात भर पावसात कार्यक्रम झाला, गेब्रिएलला शवपेटीतून रंगमंचावर आणलं, आणि पैसे देणेकऱ्यांकडे गेले. वोमॅड वाचलं. तीनच वर्षांनी तिथे नुसरत फतेह अली खान गायले, आणि पुढे गेब्रिएलच्या रिअल वर्ल्ड कंपनीनं त्यांचे अल्बम काढले. म्हणून भांडणाचं विचारलंत की मी आधी हा पावसातला कार्यक्रम सांगते.

ऐकायला सुरुवात कुठून करायची? तिसऱ्या अल्बमपासून. मात्र पहिल्या चारही अल्बमांना त्यानं एकच नाव दिलंय, स्वतःचं. मुखपृष्ठावर वितळलेला चेहरा दिसला की समजा, तोच तिसरा.