लाकडं तोडून झाली का?

आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "लाकडं तोडून झाली असतील तर कणीक मळायला घे गं," आणि कोणी नवीन पाहुणा बसलेला असला तर तो दचकून बघतो, कारण नाशिकच्या इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, पाईप गॅसवाल्या घरात सून लाकडं तोडते म्हणजे काय. मी तेव्हा सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली असते आणि खरोखरच लाकडं तोडत असते.

गेमचं नाव रूनस्केप, त्यातही ओल्ड स्कूलवालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे एक खोटं जग आहे, त्यात जगभरातून हजारो लोक एकाच वेळी आपापला बाहुला घेऊन फिरत असतात, कोणी मासे पकडतं, कोणी ड्रॅगन मारतं, कोणी नुसतंच बाजारात उभं राहून बडबडतं. ॲन्ड्र्यू आणि पॉल गॉवर या दोन इंग्रज भावांनी २००१ मध्ये हा गेम काढला, मग तो बदलत बदलत इतका चकचकीत झाला की जुनी मंडळी चिडली, आम्हाला आमचं जुनंच द्या म्हणाली, म्हणून २००७ सालची जपून ठेवलेली प्रत २०१३ मध्ये परत सुरू केली. त्यामुळे दिसायला म्हणाल तर आनंदच आहे, माणसांचे चेहरे सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपात पत्रा ठोकून केल्यासारखे. नवऱ्याने पहिल्यांदा स्क्रीन बघितली तेव्हा विचारलं, हे लोड व्हायचंय का अजून?

मी यात शूरवीर वगैरे काही नाही. ड्रेनॉर नावाचं एक गाव आहे, तिथे पाण्याच्या कडेला विलोची झाडं आहेत आणि चार पावलांवर बँक. झाडावर टॅप करायचं, बाहुली कुऱ्हाड चालवते, लाकडं पिशवीत पडतात, पिशवीत जागा २८, भरली की बँकेत टाकून यायचं. बस्. हे मी गेली तीन वर्षं करतेय.

आता यातली मेख. मी अकाउंटंट, दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते, त्यामुळे एकदा एक्सेल उघडून हिशोब केला आणि तो करायला नको होता. प्रत्येक कौशल्याची लेव्हल ९९ पर्यंत जाते. ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ पॉइंट. विलोच्या एका लाकडाचे मिळतात साडेसदुसष्ट. म्हणजे नुसत्या विलोवर ९९ गाठायचं तर जवळजवळ १ लाख ९३ हजार लाकडं. आणि त्याहून भारी म्हणजे ९२ व्या लेव्हलला पोचलात तर तुम्ही बरोब्बर निम्म्यावर आलेले असता, उरलेल्या सात लेव्हल म्हणजे दुसरा अर्धा. माझी लेव्हल ७०. ऐकायला किती छान वाटतं ना, ९९ पैकी ७०, फर्स्ट क्लास! पॉइंट बघायला गेलं तर सहा टक्केसुद्धा रस्ता झालेला नाही. ज्याने कोणी हे गणित बसवलं त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच कळलेला होता, सुरुवातीला पटापट लेव्हल वाढवून द्यायच्या, चटक लागली की हळूच पायरी उंच करत जायची. हे सगळं कळूनही मी दुसऱ्या दिवशी परत झाडाखाली हजर. दूध किती वेळा उतू गेलं ते सांगत नाही, सासूबाईंनी मोजलंय.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला आले आणि आठवडाभर आमच्याकडे राहिले. मामा निफाड तालुक्यातले, कांदा आणि थोडी द्राक्षं. डॉक्टरांनी सांगितलं होतं डोळ्याला त्रास द्यायचा नाही, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही. आता शेतावरचा माणूस रिकामा बसवला की तो घरातल्यांचं डोकं खातो. तिसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि एका डोळ्याने मोबाईलमध्ये बघून म्हणाले, "हे काय करू राहिली तू?"

म्हटलं, लाकडं तोडतेय.

"इकती का?"

इथे माझी कळी खुलली, कारण आजवर घरातल्या कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. नवरा विचारतो 'का', सासूबाई विचारतात 'कधीपर्यंत', मुलगी विचारते 'मला कधी देणार', पण विकती का हे कोणीच नाही. मग मी मामांना ग्रँड एक्स्चेंज दाखवलं, म्हणजे गेममधली मोठी बाजारपेठ, २०१५ मध्ये खेळणाऱ्यांचं मतदान घेऊन ती ओल्ड स्कूलमध्ये आणली. तिथे आपला माल आणि भाव टाकून ठेवायचा, पलीकडे कोणी घेणारा असला की सौदा होतो. कोणी सगळा माल एकट्याने उचलू नये म्हणून चार तासांत किती घेता येईल याची मर्यादा असते. मामा सरसावून बसले. दहा मिनिटांत त्यांना जे कळलं ते मला कळायला सहा महिने लागले होते. विलोचं लाकूड मातीमोल का, तर "समद्यांनी एकच पीक लावलंय." बरोबरच आहे, शिवाय बॉट असतात, म्हणजे माणूस नाहीच, प्रोग्राम लावून दिवसरात्र लाकडं तोडत बसलेला, मग आवक वाढणारच.

"आडत किती कापतात?"

आता लासलगाव, पिंपळगावच्या लिलावात ट्रॅक्टर लावून आयुष्य काढलेला माणूस हेच विचारणार. सांगितलं, विकणाऱ्याकडून टॅक्स कापतात, २०२१ ला सुरू झाला तेव्हा १ टक्का होता, आता २ झालाय, अगदी स्वस्त मालाला लागत नाही. आणि त्या पैशातल्या काही भागातून गेमवालेच बाजारातला थोडा महागडा माल विकत घेतात आणि नष्ट करून टाकतात, म्हणजे माल फार साचू नये. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुमचं बरंय. घेत्यात आन् जाळून टाकत्यात. आमचा घेत्यात, कांदाचाळीत ठेवत्यात, आन् भाव जरा वर निघाला की बाहेर काढत्यात."

मग मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली, ओल्ड स्कूल वेगळं निघायच्या आधीच्या मूळ गेममधली. लोक खऱ्या पैशांना गेममधलं सोनं विकायला लागले होते, ते बंद करायला २००८ च्या जानेवारीत खेळाडूंमधल्या मोकळ्या देवाणघेवाणीवरच बंधनं घातली, एकाने दुसऱ्याला सहज काही देणंसुद्धा अवघड झालं, प्रचंड बोंबाबोंब झाली, पुष्कळ लोक सोडून गेले.

"म्हंजे निर्यातबंदी," मामा म्हणाले. "किती दिस?"

"तीन वर्षं. २०११ च्या फेब्रुवारीत उठवली."

"आमची २०२३ च्या डिसेंबरात लागली, मे महिन्यात उठली. तोवर माझा कांदा इकून झाला व्हता." आणि गॉगल काढून डोळा पुसायला लागले, मी ओरडले, मामा, हात लावायचा नाही सांगितलंय ना डॉक्टरांनी!

त्यांना बरं वाटावं म्हणून मी गेममधला कांदा दाखवला. आहे ना, लम्ब्रिज गावाजवळ एका शेतकऱ्याच्या रानात कांदा लावलेला आहे, जाऊन उपटायचा, कोणी काही म्हणत नाही. खाल्ला तर जीव फक्त १ पॉइंटने वाढतो. पण तिकडे ड्रेनॉरमध्ये ॲगी नावाची एक चेटकीण बसते, तिला दोन कांदे आणि पाच नाणी दिली की ती पिवळा रंग करून देते. मामा म्हणाले कांद्याच्या सालीने रंग चढतो हे खरंय, त्यांची आजी सुताला द्यायची. आणि मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला जो मी अजून विसरलेले नाही. बँकेत ठेवलेला कांदा सडतो का?

नाही मामा. दहा वर्षं ठेवला तरी तसाच राहतो.

"कोंबबी नही?"

"कोंबही नाही."

"वजनबी घटत नही?" त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि माझ्या बँकेतल्या त्या एका कांद्याच्या चित्राकडे चांगल्या डोळ्याने इतका वेळ बघत राहिले की शेवटी स्क्रीन बंद झाली.

असो. गेमचा त्रास फक्त लाकडं मोजण्यातच आहे असं नाही. मला एकदा व्यवस्थित गंडवलेलंही आहे आणि ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर पै पै साठवून मी रूनचं (हा गेममधला एक धातू) चिलखत घेतलं होतं, निळसर, झक्क. बाजारात एक जण आला, म्हणाला, ब्रो (इथे सगळे सगळ्यांना ब्रो म्हणतात, मी चाळिशीला टेकलेली बाई आहे हे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही), तुझ्या चिलखताला सोनेरी काठ लावून देतो, फुकट, मला लेव्हल वाढवायची आहे. आता सोनेरी काठाची चिलखतं असतात खरी, पण ती खजिन्याच्या कोड्यांच्या बक्षिसातच मिळतात, काठ लावायचं कौशल्य असं काही त्या गेममध्ये अस्तित्वातच नाही आणि ही तिथली सगळ्यात जुनी, सगळ्यांना तोंडपाठ असलेली फसवणूक आहे. मला मात्र डोळ्यापुढे येवल्याच्या पैठणीचा काठ दिसायला लागला. दिलं. गेम तरी बिचारा दोनदा विचारतो, नक्की द्यायचंय का, बदल्यात काही मिळत नाहीये हां. दोन्हीवेळा हो म्हटलं. तो पठ्ठ्या क्षणात गायब. आणि मी त्याच दिवशी दुपारी एका क्लायंटला ओटीपी कोणाला देऊ नका यावर वीस मिनिटं लेक्चर दिलेलं होतं!

त्या रात्री गेम डिलीट केला. चार दिवस अगदी निश्चयाने राहिले, कपाटं आवरली, वॉकला गेले. पाचव्या दिवशी परत टाकला, आणि टाकल्यावर चिलखत शोधायला नाही तर थेट ड्रेनॉरला गेले, विलोखाली. तिथे नेहमीचे सात-आठ जण होते. फिनलंडचा एक बसड्रायव्हर आहे, त्याने लिहिलं, चार दिवस कुठे होतीस. म्हणजे ब्रोच लिहिलं, पण विचारलं. बास, एवढंच, पुढे सगळे परत गप्प, ठक ठक ठक. तो मधेच लिहितो बर्फ पडतोय, मी लिहिते इथे ३९ डिग्री आहे, कोणीतरी परीक्षेत नापास झाल्याचं सांगतं, बाकीचे दोन शब्द लिहितात, हात कोणाचाच थांबत नाही. लहानपणी आजोळी अंगणात शेंगा फोडायला सगळ्या बायका बसायच्या तेव्हा अशाच गप्पा चालायच्या, कोणी कोणाच्या तोंडाकडे न बघता. कॉलेज रोडवरच्या कॅफेत समोरासमोर बसून मैत्रिणीशी मला इतकं मोकळं बोलता येत नाही, तिथे सारखं तोंड हसरं ठेवावं लागतं.

पूर्वी एका झाडाला दोघं लागले की भांडणं व्हायची, कारण झाड पडलं की दुसऱ्याचं नुकसान. २०२३ मध्ये त्यांनी नियम बदलला, आता एकाच झाडाला जितके जास्त जण तितका प्रत्येकाला थोडा फायदा, दहा जणांपर्यंत. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पुढे म्हणाले, गावात आता कोणी सावडीला येत नाही, मजूर टेम्पोने आणावे लागतात.

पावसाळ्यात मात्र वैताग. जूनच्या पहिल्या सरीला आमच्याकडे लाईट जाते, राऊटर इन्व्हर्टरवर आहे तरी कुठली तरी वायर कुठेतरी भिजतेच, आणि बाहुली कुऱ्हाड उगारलेल्या अवस्थेत थिजून उभी. एरवी नेट हळू असलं तरी हा गेम चालवून घेतो, कारण त्यातला सगळा कारभारच ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यापेक्षा घाईने काही घडतच नाही. माझ्या वयाला तेच बरं आहे. भाचा खेळतो ते गोळीबाराचे गेम मी एकदा बघितले, मला तर मी कुठे उभी आहे हे कळायच्या आतच मी मेलेले होते.

मामा गावाला परत गेले त्याला आता बरेच महिने झाले. डोळा छान आहे. त्यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे गेम वगैरे प्रश्नच नाही. पण परवा दुपारी ऐन रिटर्नच्या गडबडीत त्यांचा फोन आला, मागे ट्रॅक्टरांचे आवाज, लिलावाचा गलका, ऐकूच येईना. मी घाबरून विचारलं, मामा, काय झालं, सगळं ठीक ना?

"काही नही गं. आज भाव पार पडला इथं. तुझ्याकडं लाकडाचं काय?"

मी रिटर्नची विंडो खाली केली, गेम उघडला आणि भाव बघून सांगितला. सहा महिन्यांपूर्वी होता त्यापेक्षा एक नाणं जास्त होतं.

"मग थांब," मामा म्हणाले. "आत्ता काढू नको."