रहाटावरचा तळवा आणि फिरकीवरचा अंगठा

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मी शिकले ती देवबागला, कर्लीच्या खाडीच्या काठावर, आणि शिकवले माझ्या चुलत्यांनी. आमच्याकडे ना काठी होती ना रील, म्हणजे दोर गुंडाळायचे यंत्र. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोर), टोकाला शिशाचे वजन, त्याच्या वर वीतभर अंतरावर दोन गऱ्या आणि गऱ्यांना सोललेली सुंगटे (कोळंबी), एवढेच आमचे साहित्य असे. तंगूस वाळूवर सैल वेटोळ्यांत पसरायचा, शिसे डोक्यावरून दोनदा फिरवायचे आणि सोडून द्यायचे, की वाळूवरची वेटोळी एकेक करून उचलली जात पाण्याकडे धावत. त्यानंतर तर्जनीवर तंगूस तोलून धरायचा आणि वाट पाहायची. खेकडा आमिष कुरतडतो आहे, शेंगटी चोखते आहे की तांबोशीने झडप घातली आहे, हे बोटाला निरनिराळे कळते. ती जाण एकदा आली की जात नाही. म्हणूनच, पंधराएक वर्षांनी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका सरोवरावर मला पहिल्यांदा बेटकास्टर प्रकारचे रील हाती धरावे लागले, तेव्हा मासा ओळखण्याची मला काळजी नव्हती. अडचण दोर पाण्यात पोहोचवण्याचीच होती.

आमच्या शेजारी मूळचे वेंगुर्ल्याचे एक काका राहतात. या देशात त्यांची तीस वर्षे झाली, आणि उन्हाळ्यातला एकही मोकळा शनिवार ते घरात काढत नाहीत. ऑगस्टमध्ये मिल लॅक्स सरोवरावर जायचे ठरले, तेव्हा त्यांनी दोन आठवडे आधी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावले आणि हातात एक काठी दिली. तोवर मी इथे दोन-तीनदा मासे धरले होते, पण ते काठीच्या खाली लोंबणाऱ्या साध्या स्पिनिंग रीलने. हे बेटकास्टर रील काठीच्या वर बसवलेले होते, मुठीला बंदुकीच्या घोड्यासारखा एक आकडा होता आणि रीलवर दोन-तीन लहान चाके होती, ज्यांचा उपयोग मला कळेना. काका म्हणाले, "दगडांमधून मासा ओढून काढायचा तर हेच हवं. पण आधी अंगणात शिकायचं, तळ्यावर नाही."

या दोन रीलांमधला फरक मला आधी समजावून घ्यावासा वाटला, कारण यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय माझा हात त्याच्यावर बसत नाही. स्पिनिंग रीलमध्ये दोर गुंडाळलेली फिरकी, म्हणजे स्पूल, टाकताना जागची हलत नाही. दोर तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो. हे मला लगेच आपले वाटले, कारण आमची वाळूवरची वेटोळी याहून वेगळी नव्हती. या पद्धतीच्या रीलचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या कापड गिरणीमालकाने घेतले, आणि गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून धागा सुटतो ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. बेटकास्टरचे कूळ मात्र निराळे आहे. दातेरी चाके लावलेले रील अमेरिकेत प्रथम घडवण्याचे श्रेय जॉर्ज स्नायडर या केंटकीतल्या घड्याळजीला दिले जाते, आणि ती गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. या रीलमध्ये आमिष उडते तेव्हा अख्खी फिरकीच गरगरा फिरते आणि फिरून दोर सोडते. सगळी अवघड गोष्ट या फिरण्यातच आहे.

आमिष हातातून सुटते तेव्हा त्याचा वेग सर्वात जास्त असतो, आणि पुढे हवेच्या रोधाने तो कमी कमी होत जातो. फिरकीला मात्र हवा अडवत नाही. एकदा मिळालेल्या गतीने ती फिरतच राहते. आमिष मंदावले आणि फिरकी मंदावली नाही, तर जेवढा दोर बाहेर ओढला जातो त्याहून अधिक दोर सुटतो, आणि तो जादा दोर फिरकीवरच फुगून एकमेकांत अडकतो. आमिष पाण्यावर पडल्यावरही फिरकी थांबली नाही तर हेच घडते. इथले लोक या गुंत्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात, आणि ज्याने तो एकदा पाहिला त्याला हे नाव पटते.

तो टाळण्यासाठी रीलवर दोन सोयी केलेल्या असतात. हँडलच्या बाजूला जे बारीक चाक असते ते फिरकीच्या आसावर दाब देते. आमिष बांधून काठी आडवी धरायची, रीलवरची कळ अंगठ्याने दाबून फिरकी मोकळी करायची आणि ते चाक असे जुळवायचे, की आमिष सावकाश खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच फिरकी जागच्या जागी थांबावी. आमिषाचे वजन बदलले की ही जुळणी पुन्हा करावी लागते. दुसऱ्या बाजूला ब्रेक असतो. काकांच्या रीलमध्ये तो चुंबकाचा होता: ॲल्युमिनियमची फिरकी चुंबकांजवळून फिरते तेव्हा तिच्यात विजेचे भोवरे उत्पन्न होतात आणि ते तिच्या गतीला विरोध करतात, आणि गती जितकी जास्त तितका विरोधही जास्त. म्हणजे हा ब्रेक टाकण्याच्या सुरुवातीला, फिरकी सर्वात वेगाने फिरत असते तेव्हा, चांगला उपयोगी पडतो. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा आमिष पाण्याजवळ पोहोचलेले असते आणि फिरकी मंद झालेली असते, तेव्हा त्याचा जोर उरत नाही. तिथे अंगठाच लागतो. यंत्राच्या या मर्यादेबद्दल मला त्या दिवशी विशेष आदर वाटला. शेवटची जबाबदारी त्याने माणसाच्या हातात ठेवली आहे.

अंगणातल्या गवतावर मी चार संध्याकाळी सराव केला. गऱ्या काढून टाकलेले सुमारे १८ ग्रॅमचे प्लास्टिकचे आमिष दोराला बांधले होते. हलके आमिष फिरकीला नीट ओढू शकत नाही, म्हणून शिकताना वजनदार घ्यावे लागते. पहिल्या संध्याकाळी ब्रेक पूर्ण आवळून ठेवला होता, तरी सहाव्या-सातव्या फेकीला गुंता झाला. खाडीवर शिसे फेकताना मी मनगटाला जोराचा झटका देत असे आणि इथेही हात आपसूक तेच करत होता. झटक्याने फिरकी एकाएकी वेग घेते आणि आमिष काठीपासून दूर जाण्याआधीच दोर फुगतो. फेक एकसंध, वाढत्या गतीची हवी हे मला तोंडाने सांगता येत होते, पण हाताला पटायला दोन दिवस लागले.

गुंता सोडवण्याची एक रीत काकांनी शिकवली, ती इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ती ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण चांगला दोर कापून टाकतात. गुंता दिसला की वेटोळी उपसायला लागायचे नाही. ड्रॅगचे चाक, म्हणजे मासा ओढू लागला की दोर किती सहज सुटावा हे ठरवणारे चाक, घट्ट करायचे, फिरकीवर अंगठा भक्कम दाबून धरायचा आणि तसाच दाब ठेवून हँडल दोन-तीन वेळा फिरवायचे. अंगठ्याखाली वेटोळी आडवी होऊन एकमेकांवरून सरकतात. मग कळ दाबून दोर हळूहळू बाहेर ओढायचा, अडला तर पुन्हा तेच करायचे. दोन-तीन वेळांत बहुतेक गुंते सुटतात. जो गुंता यानेही सुटत नाही, तो मात्र कापावाच लागतो.

मिल लॅक्स हे सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचे सरोवर आहे, पण त्याची सर्वाधिक खोली जेमतेम १३ मीटर. एवढे पसरट आणि उथळ पाणी वाऱ्याला फार लवकर उत्तर देते. आम्ही सकाळी सहाला बोट उतरवली तेव्हा पाणी आरशासारखे होते, आणि आठ वाजता फूटभर लाटा बोटीच्या कुशीवर आपटत होत्या. काकांनी बोट एका खडकाळ उंचवट्यापाशी नेली. पाण्याखालचे असे दगडांचे ढीग हे स्मॉलमाउथ बास या माशाचे आवडते ठिकाण. हा मासा कांस्यवर्णी, लालसर डोळ्यांचा आणि आकाराच्या मानाने अतिशय ताकदवान असतो.

अंगणात जमलेले बोटीवर जमेना. पायाखालची जमीन हलत होती, वारा तोंडावर होता, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने आमिषाचा वेग फार लवकर मोडत होता. तिसऱ्याच फेकीला फिरकीवर दोराचा बुजबुजाट झाला. तो सुटला. पाचव्या फेकीचा सुटला नाही आणि दहा-बारा मीटर दोर कापावा लागला. कापलेला प्रत्येक तुकडा मी खिशात घातला, कारण पाण्यात सुटलेला तंगूस पक्ष्यांच्या पायांत आणि चोचींत अडकतो आणि तो वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर लून या पाणपक्ष्यांची एक जोडी पिलासह पोहत होती. भीतीने मी अंगठा फिरकीवर घट्ट दाबू लागले. गुंता थांबला, पण आमिष बोटीपासून पाच-सहा मीटरवरच आपटू लागले. काका थोडा वेळ नुसते पाहत होते. मग म्हणाले, "दाबू नकोस गं. नुसता टेकव."

त्या एका शब्दाने मला आमच्या घराची विहीर आठवली. आमच्या विहिरीवर लाकडी रहाट होता. भरलेली कळशी वर काढताना तो हातांनी ओढून फिरवावा लागे, पण रिकामी कळशी खाली सोडताना तो मोकळा सोडला तरी आपोआप गरगरत असे. लहानपणी मला तो गरगरणारा रहाट पाहायला फार आवडे, आणि मी तो तसाच सोडून देई. कळशी पाण्याला टेकली तरी रहाट फिरतच राही, दोर त्याच्यावरून सैल सुटून आसात अडके, आणि आजी आतून ओरडे, "रहाटार हात ठेव गो बाय!" हात ठेवायचा म्हणजे रहाट धरायचा नाही. फिरणाऱ्या लाकडावर तळवा अलगद टेकवून ठेवायचा, कळशी पाण्याजवळ येत चालली की थोडा भार द्यायचा, आणि ती पाण्याला लागण्याच्या क्षणी रहाट थांबवायचा. कळशी दिसत नसली तरी दोराच्या ओढीवरून ती कुठवर पोहोचली हे तळव्याला कळत असे. बेटकास्टरची फिरकी म्हणजे मुठीत मावणारा रहाट होता, आणि मी इतके दिवस त्याला वाळूवरच्या वेटोळ्यांच्या नियमाने वागवत होते.

मी काकांना बोट थोडी वळवायला सांगितली, वारा पाठीशी घेतला आणि पुन्हा टाकले. अंगठा फिरकीवर असा ठेवला की खालून दोर धावतो आहे हे त्वचेला कळावे, पण त्याची धाव अडू नये. दोर किंचित फुगू लागला की अंगठ्याखाली एक मऊ उठाव जाणवतो. तेवढ्यापुरताच भार द्यायचा. आमिष पाण्यापासून हातभर वर असताना अंगठा पूर्ण टेकला, फिरकी थांबली, आणि आमिष जवळजवळ आवाज न करता पाण्यात उतरले. पंचवीस मीटर तरी अंतर असेल. पुढच्या वीस-पंचवीस फेकींत दोन गुंते झाले, दोन्ही हातानेच सुटले. अंगठ्याची कातडी मात्र लाल झाली होती.

अकराच्या सुमारास मासा लागला. आमिष दगडांना ठोकत येत होते, आणि ते ठोके काठीतून मुठीपर्यंत पोहोचत होते. मग एक ठोका निराळा आला. त्या क्षणी मला रीलचा, ब्रेकचा, कशाचाच विचार करावा लागला नाही, कारण हे काम तर्जनीचे होते आणि तिला ते खाडीवरूनच ठाऊक होते. मी उजव्या हाताने टाकते आणि हँडलही उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक फेकीनंतर काठी डाव्या हातात घ्यावी लागते. काठीच्या पुढच्या भागाला डावी तर्जनी दोराशी लावून धरायची सवय मी सकाळपासूनच ठेवली होती आणि ती इथे कामी आली. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला, दोनदा बोटीखाली शिरला. जाळीत घेतला तेव्हा मोजपट्टीवर ४३ सेंटीमीटर भरला. थंड पाण्यातला हा मासा फार सावकाश वाढतो, एवढा व्हायला त्याला कितीतरी उन्हाळे लागतात. मी त्याला खालच्या ओठाला धरून पाण्यात उभे केले, आणि कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाल्यावर तो माझ्या हातातून निघून गेला.

दुपारी वारा आणखी वाढल्यावर आम्ही परतलो. धक्क्यावर बोटीच्या तळाचे बूच काढून सगळे पाणी वाहू दिले आणि ट्रेलरला चिकटलेले शेवाळ हाताने काढले. या सरोवरात झेब्रा शिंपले आहेत आणि ते दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून इथे तसा कायदाच आहे. घरी आल्यावर फिरकीवरचा दोर तपासला. गुंत्यांमध्ये जिथे जिथे तो मुडपला होता तिथे नखाला खरखर लागत होती, आणि असा दोर पुढच्या मोठ्या माशाला तिथेच तुटतो. तेवढा भाग काढून टाकला, नवा दोर जोडण्याऐवजी सगळाच बदलला, आणि या वेळी १२ ग्रॅमचे आमिष बांधून बाजूचे चाक पुन्हा जुळवले. पहिल्यांदा आमिष फरशीवर टेकले तरी फिरकी अर्धा वेढा अधिक फिरली. चाक केसभर आवळले. दुसऱ्यांदा ती जागेवर थांबली.