आमची वाटचाल: साखळीतून चालणारा सर्च

आमची कंपनी दुकानांच्या वेबसाइटवर आणि काउंटरवर माल शोधून देणारा सर्च बनवते. २०१३ साली पुण्यातली नोकरी सोडून मी गोव्यातल्या साखळीला परत आलो. त्या वेळी सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये अपाची सोलरचा जोर होता, त्याच कामाच्या इलास्टिकसर्चचं नाव नुकतं कानावर येऊ लागलं होतं, आणि दोन्हींच्या पोटात शोधाचं तेच इंजिन, ल्युसीन. माझा भागीदार वाळपईचा. ऑफिस घ्यायचं नाही, हे त्याने सुरुवातीलाच ठरवलं. भाड्यात जाणारे पैसे प्रत्येकाच्या घरी चांगला इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट यावर घालायचे. वाळपईच्या सत्तरी तालुक्यात पहिला पाऊस झाला की वीज किती वेळ जाते हे ज्याने पाहिलंय, त्याला यातलं शहाणपण सांगावं लागत नाही. टाळेबंदीत सगळं जग घरून काम करायला शिकलं. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून पेडणे, वाळपई, मडगाव आणि दोडामार्गातून एकच टीम म्हणून काम करत होतो, आणि त्या काळात ‘पोरं घरीच बसून असतात’ हे शेजारपाजारचं बोलणं आमच्या पोरांच्या आईवडिलांनी ऐकून घेतलंय.

आमचा दिवस नऊला एका यादीने सुरू होतो. कालच्या ज्या शोधांना शून्य निकाल आले, ते शब्द. कोणी ‘बेरींग’ लिहितो, कोणी ‘बेअरिंग’, कोणी ‘ऑइलसील’ एकत्र लिहितो, कोणी तोडून. प्रत्येक शब्दाचं काय करायचं ते ठरतं आणि सिनॉनिम फाइलमध्ये, म्हणजे एकाच अर्थाचे शब्द जोडणाऱ्या यादीत, जाणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणी आणि का घातली हे लिहावंच लागतं. समोरासमोर बसणाऱ्या टीमला हे टाळता येईल, आम्हाला नाही. रात्री दोडामार्गच्या माणसाने काय बदललं हे सकाळी मडगावच्या माणसाला फोन न करता कळलं पाहिजे. शिवाय प्रत्येक ग्राहकासाठी आमच्याकडे गुणांची यादी असते: खरे शोध, आणि प्रत्येक निकालाला त्या दुकानातल्याच जुन्याजाणत्या माणसाने दिलेले शून्य ते तीन गुण. रँकिंगमधला, म्हणजे निकालांच्या क्रमातला, कुठलाही बदल आधी या यादीवर चालवतो. गुण घसरले तर बदल पुढे जात नाही, मग तो मी स्वतः केलेला असला तरी. हे काम डेमोत दाखवता येत नाही, आणि आमची खरी कमाई तेच आहे.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक बेळगावच्या उद्यमबागेतले बेअरिंगचे घाऊक व्यापारी. आम्ही त्यांना शेठजीच म्हणतो. सुरुवातीच्या काळात चोर्ला घाट चढून मी त्यांच्या काउंटरवर जाऊन बसायचो आणि गिऱ्हाइकं काय बोलून माल मागतात ते वहीत उतरवून घ्यायचो. कोणी ‘बासष्ट शून्य तीन’ म्हणायचा, कोणी ‘सिक्स टू झिरो थ्री झेडझेड’, कोणी नुसता जुना गंजलेला तुकडा पुढे करायचा. शेठजींची अट एकच होती, आणि ती मी आजही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो: “अहो, मागितलेलंच बेअरिंग दाखवा. नसेल तर नाही म्हणा. दुसरं पुढे करू नका.”

मधली वर्षं कामात गेली. माणसं वाढली, पगार वेळेवर झाले.

मग १६ मे २०२१ उजाडला. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत आलं. झाडं पडली, खांब आडवे झाले, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. इन्व्हर्टर काही तास पुरतो, काही दिवस नाही. गोव्यातले आणि दोडामार्गातले आम्ही सगळे एकदम गप्प झालो. आमची एक सहकारी त्या आठवड्यात माहेरी नगरला होती. सर्व्हरवर काही बिघडलं की येणारे रात्रीचे अलर्ट तिच्या एकटीच्या फोनवर गेले. त्याच रात्री एका ग्राहकाने आपला सगळा कॅटलॉग नव्याने चढवला आणि डिस्क भरत गेली. इलास्टिकसर्च डिस्क ८५ टक्के भरली की त्या यंत्रावर इंडेक्सचे, म्हणजे शोधासाठी रचलेल्या मालाच्या यादीचे, नवे तुकडे (शार्ड) ठेवत नाही, ९० वर असलेले दुसरीकडे हलवू लागतं, आणि ९५ वर इंडेक्समध्ये लिहिणंच बंद करतं. शोध चालू राहतो, पण साठा आणि किमती शिळ्या होत जातात. तिने कुठला इंडेक्स अलायसमागे आहे, म्हणजे चालू शोध कुठल्यावर जातोय, हे तपासलं, मागच्या वेळचा जुना इंडेक्स काढून टाकला, जागा मोकळी झाली तसं लिहिणं पुन्हा सुरू झालं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये होते. सर्च एक क्षणही बंद पडला नव्हता, हे मी लॉगसकट दाखवू शकतो.

तरीही आमच्या क्षेत्रातल्या एका कंपनीने त्याच आठवड्यात आमच्या ग्राहकांना फोन लावले. गोव्याची माणसं पावसात सापडत नाहीत, तुमचा सर्च रात्रभर बंद होता, आमच्याकडे एआय सर्च आहे, निम्म्या पैशांत करून देतो. आमची माणसं छपरावरच्या फांद्या काढत असताना हे फोन चालले होते. दोन मोठे ग्राहक गेले. बेळगावची वेबसाइटसुद्धा शेठजींच्या मुलाने तिकडे दिली. दुकानाच्या काउंटरवरचा सर्च मात्र शेठजींनी हलू दिला नाही. त्या पावसाळ्यात भागीदाराने आणि मी स्वतःचा पगार घेतला नाही आणि पोरांचा एकाचाही अडवला नाही. कंपनी बंद करायची का, हा प्रश्न रोज समोर असायचा.

पुढे काय झालं हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. त्या कंपनीने नाव, नंबर अशा मालाच्या सगळ्या रकान्यांवर (फील्डवर) फझी, म्हणजे थोडी चूक माफ करून जुळवणं, चालू ठेवलं होतं, सेटिंग ‘ऑटो’. ऑटोमध्ये तीन ते पाच अक्षरांच्या शब्दाला एका अक्षराची चूक माफ असते. ‘६२०३’ चार अंकी. म्हणजे ६२०४ चालतं, ६३०३ चालतं. ६२०३ चं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०. ६२०४ चं भोक २०, व्यास ४७. ६३०३ चं भोक १७ च, पण व्यास ४७. फिटर ते हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या खोबणीत, बसवायला जातो आणि बसत नाही. त्यातून साठा संपलेला माल खाली ढकलायचा नियम, म्हणजे ६२०३ संपलं की ६२०४ सगळ्यात वर. वेबसाइटवरून चुकीचा माल जाऊ लागला, परत येऊ लागला. काउंटरवर, त्याच गोदामाच्या त्याच मालावर, आमचा सर्च बरोबर नंबर देत होता. शेठजींनी मुलाला काउंटरच्या स्क्रीनसमोर बसवलं आणि परत आलेल्या बिलांवरचा एकेक नंबर टाकायला लावला. दिवाळीच्या आत वेबसाइट आमच्याकडे परत आली.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे: पार्ट नंबरचं फील्ड वेगळं ठेवा, त्याला फझी लावू नका, हायफन आणि स्पेस काढून जुळवा. व्हेक्टर सर्चला, म्हणजे शब्दांऐवजी आशयावरून शोधण्याला, माझा विरोध नाही. ‘पंख्याच्या मोटरचं आवाज न करणारं बेअरिंग’ असं कोणी लिहिलं तर आम्हीही तोच वापरतो. पण नंबर टाइप करणाऱ्याला आशय नको असतो, नंबर हवा असतो. ज्याचा सर्च करायचा त्याच्या काउंटरवर आधी जाऊन बसा. आणि चवथीची रजा ग्राहकाला जूनमध्येच कळवा. आमच्याकडे त्या दिवसांत अलर्टचा फोन गोव्याबाहेरच्या माणसाकडे असतो, तौक्तेनंतर तर वादळाचा इशारा आला तरी.

गेलेल्या दोघांपैकी एक ग्राहक परतला, दुसरा नाही. त्या कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांच्या यादीत शेठजींच्या पेढीचा लोगो आजही आहे. तो काढा म्हणून शेठजींनी स्वतः लेटरहेडवर लिहून कळवलंय. पत्र पोचल्याची सही माझ्याकडे आहे.