जांबोटी-कणकुंबीच्या रानात मुक्काम करताना

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं गेलं की रान दाट होतं. याच रानातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे; वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका. तंबू ओढ्यापासून निदान शंभर पावलं लांब, उंचवट्यावर ठोका. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो.

पावसाळ्यात जळवा ठरलेल्याच. पँट मोज्यांत खोचा, मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडा. चिकटलीच तर ओढू नका; बारीक टोकाकडून नख कातडीला टेकवून सरकवा, तोंड सुटतं. तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. स्वच्छ फडकं दाबून धरा.

चूल पेटवूच नका. भाकरी, झुणका, शेंगाचटणी घरूनच न्यावी. उरलेलं तंबूत ठेवू नका, अस्वल वासावर येतं.