उन्हाळा लागण्याआधीचे शनिवार-रविवार : गच्चीवरच्या बागेचा माझा अनुभव

पुण्यात पाडव्यापासून उन्हाळा सुरू झाला असे आपण धरून चालतो, पण गच्चीवरच्या कुंड्यांना तो होळीच्या आधीच जाणवू लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे गारवा असतो, दुपारचा वारा मात्र इतका कोरडा असतो की सकाळी भरपूर पाणी घातलेल्या कुंडीची माती संध्याकाळपर्यंत कडा सोडू लागते. एप्रिलमध्ये आपल्याकडचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास राहते, काही दिवस ते चाळिशी ओलांडते, आणि सिमेंटची तापलेली गच्ची रात्रीही उष्णता सोडत असते. आमची बाग सिंहगड रस्त्याच्या बाजूला, चौथ्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर आहे. मी नोकरी करते, त्यामुळे बागेची मोठी कामे शनिवार-रविवारीच होतात. अशा स्थितीत उन्हाळ्याची तयारी कशी केली, कोणत्या क्रमाने केली आणि त्या क्रमाला इतके महत्त्व का आहे, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

उन्हाळा म्हटला की सर्वांचे लक्ष पहिल्यांदा पाण्याकडे जाते. किती पाणी घालावे, दिवसातून किती वेळा घालावे, नळी घ्यावी की ठिबक बसवावे, याचीच चर्चा होते. माझ्या अनुभवाने मात्र पाण्याची व्यवस्था सर्वांत शेवटी करावी. आधी मातीतून आणि पानांतून उडून जाणारे पाणी थांबवावे, आणि मग उरलेली गरज किती आहे ते पाहून पाणी द्यावे. खडकवासला धरणसाखळीतला साठा कमी होऊ लागला की शहरात पाणीकपातीची बोलणी सुरू होतात, आणि ज्या पाण्यावर शेजाऱ्यांचाही तितकाच हक्क आहे ते बागेवर सढळ हाताने ओतणे मला पटत नाही.

सुरुवात आवराआवरीने केली. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळी हौसेने आणलेले पिटुनिया आणि डायंथस आता दमले होते. त्यांना एप्रिलपर्यंत ओढत नेण्यात पाणी आणि श्रम दोन्ही खर्ची पडतात, म्हणून ते काढून त्यांची माती मोकळी केली. शेवंतीचे दांडे जमिनीपासून बोटभर उंचीवर छाटले आणि बुंध्याशी फुटलेल्या फुटव्यांसह त्या कुंड्या पूर्वेच्या भिंतीलगत, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच फुटव्यांपासून नवी रोपे करता येतात. गुलाबाची फक्त सुकलेली फुले काढली, कारण या दिवसांत त्याची जोरकस छाटणी केली तर कोवळी फूट उन्हात करपते. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेरीसच उरकली होती, त्यामुळे त्याला एव्हाना कळ्या धरू लागल्या होत्या. सगळी बाग उन्हाला घाबरत असताना मोगरा आणि अडेनियम यांना मात्र भर ऊन हवे असते, म्हणून त्यांच्यासाठी दक्षिणेकडची उघडी बाजू राखून ठेवली.

पुढचे काम आच्छादनाचे. संपूर्ण तयारीतले सर्वांत मोलाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर मी याकडेच बोट दाखवीन. निसर्गाची सोय अशी की आच्छादन ज्या दिवसांत हवे असते त्याच दिवसांत पुण्यातले रस्ते पानगळीने भरलेले असतात. पिंपळ, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष, देशी बदाम ही सगळी झाडे थंडीच्या अखेरीपासून आगेमागे पाने गाळतात, आणि तो पाचोळा पुष्कळदा कोपऱ्यात लोटून पेटवला जातो. आमच्या गल्लीतल्या सफाई कामगार ताईंना विनंती केली, तेव्हा त्यांनी कचरा न मिसळता केवळ पाने भरलेली पोती बाजूला ठेवायला सुरुवात केली. कडुनिंबाची पाने लहान असल्याने लवकर बसतात आणि कुजतात. बदामाची पाने मोठी आणि चिवट असतात, ती हाताने चुरून घ्यावी लागतात, नाहीतर त्यांचे एकावर एक थर बसून वरचे पाणी बाजूला वाहून जाते.

पाचोळ्याबरोबर उसाची चिपाडेही वापरली. याच सुमारास ठिकठिकाणी रसवंत्या सुरू होतात. आमच्या चौकातल्या रसवंतीच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितले, "ताई, रात्री दुकान बंद करताना घेऊन जा, सकाळपर्यंत ठेवली तर माशा बसतात." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ओल्या चिपाडात साखर शिल्लक असते आणि ती तशीच कुंडीत घातली तर मुंग्यांची रांग लागते. म्हणून ती आधी धुऊन, गच्चीवर पसरून दोन-तीन दिवस कडकडीत वाळवली आणि मग कोयत्याने वीतभर लांबीचे तुकडे केले. मोठ्या पिंपांच्या तळाशी मातीऐवजी चिपाडांचा थर दिला की वजन कमी होते, हा आणखी एक लाभ. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते, हे लक्षात घेतले तर स्लॅबवर किती भार टाकायचा याचा विचार प्रत्येक गच्चीवाल्याने करायलाच हवा.

वाळलेला पाला नुसता पसरण्यापेक्षा भिजवून पसरला तर तो लवकर मातीशी एकजीव होतो. त्यासाठी अमृतजल केले: १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस सावलीत ठेवायचे, रोज दोन-तीन वेळा ढवळायचे आणि चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी मिसळायचे. श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून सुपीक माती करण्याचा जो विचार महाराष्ट्रात रुजवला, त्याच वाटेने ही पद्धत आमच्यासारख्या गच्चीवर बाग करणाऱ्यांपर्यंत आली आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पाला त्यात एक दिवस बुडवून ठेवला आणि प्रत्येक कुंडीत दोन ते तीन इंचांचा थर दिला. खोडाभोवती मात्र दोन बोटे जागा मोकळी सोडली, कारण ओला पाला खोडाला चिकटून राहिला तर साल कुजते. पुढच्या आठवड्यात थर बाजूला करून पाहिले, तेव्हा खालची माती दुपारीही गार आणि भुसभुशीत होती. ज्या कुंड्यांना पूर्वी सकाळ-संध्याकाळ पाणी लागत असे, त्यांना आता एकदाच पुरू लागले.

कुंड्यांची मांडणीही बदलली. एकेकटी ठेवलेली कुंडी चारही बाजूंनी तापते, म्हणून सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून लावल्या, नाजूक झाडे मध्ये आणि दणकट झाडे कडेला. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळले. सर्व कुंड्यांखाली विटा दिल्या, त्यामुळे तापलेल्या फरशीचा थेट स्पर्श टळतो आणि खालून वाराही खेळतो.

यानंतर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. याबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. मार्चमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यापेक्षा दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्यालगत, त्याच्या आतल्या बाजूला चांगली सावली पडते आणि तिथली झाडे सुखात असतात. पुण्यात १३ मेच्या सुमारास भर मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो, म्हणजेच शून्य सावलीचा दिवस असतो. त्या वेळी कठड्याची सावली उरतच नाही, आणि सूर्य मावळतोही वायव्येकडे झुकून. मार्चमधली सावली पाहून जाळी बांधली तर ऐन वैशाखात ती चुकीच्या जागी ठरते. म्हणून जाळी कठड्याच्या बाजूला न लावता माथ्यावर आडवी आणि पश्चिमेकडे खाली उतरती अशी बांधली. भाज्यांसाठी ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी घेतली. ७५ टक्क्यांची जाळी नेचे, अँथुरियम यांसारख्या शोभेच्या झाडांना ठीक असते, पण तिच्याखाली भेंडी उंच वाढत जाते आणि फुले कमी देते.

जाळी सात फुटांवर, लोखंडी पाइपांच्या चौकटीवर ताणून बसवली. खालून वारा मोकळा वाहिला पाहिजे, अन्यथा आत उकाडा कोंडतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या आधी वावटळ सुटते, त्यामुळे नुसत्या सुतळीवर विसंबून चालत नाही. जाळीची कड दुमडून, त्या दुहेरी कडेतून नायलॉनची दोरी ओवून प्रत्येक हातभर अंतरावर गाठ मारली. शेजारचे काका या कामाला आपण होऊन आले. "वहिनी, पश्चिमेची गाठ सुटती ठेवा, वादळ आलं तर एका झटक्यात जाळी उतरवता येईल," ही त्यांची सूचना इतकी उपयोगी होती की तेवढ्या बाजूला सुटणारी गाठच ठेवली.

मग पाण्याकडे वळले. मे महिन्यात आम्ही आठवडाभर गावी जातो, त्या काळात कोणावर भार पडू नये म्हणून ठिबक हवेच होते. २०० लिटरचे पिंप मीटरभर उंच घडवंचीवर ठेवले, तोटीला जाळीचा फिल्टर लावला आणि १६ मिलिमीटरची नळी कुंड्यांमधून फिरवली. दुकानात दाबनियंत्रित ड्रिपर, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी सोडणाऱ्या ठिबकच्या तोट्या, आग्रहाने दाखवले जातात, पण त्यांना दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब लागतो, आणि मीटरभर उंचीवरच्या पिंपातून जेमतेम त्याचा दहावा हिस्सा मिळतो. म्हणून साधे ड्रिपर घेतले. त्यांच्यावर तासाला ४ लिटर असे लिहिलेले असले तरी इतक्या कमी दाबाला हिशेबाने सव्वा लिटरच मिळते. प्रत्येक ड्रिपरखाली बाटली ठेवून पाणी मोजले, तेव्हा हा हिशेब जवळजवळ जुळला. पिंपापासून दूरच्या टोकाला थोडे कमी येत होते, तिथे मोठ्या कुंडीला दोन ड्रिपर दिले. दुपारी नळीतले पाणी चटका बसेल इतके तापते, त्यामुळे तोटी सूर्योदयापूर्वीच उघडते. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी त्याच दिवशी झारीने घालते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मात्र झाडांना न देता फरशी धुण्यासाठी ठेवते.

पेरणी या सगळ्या कामांच्या अधूनमधून चालू होती. भेंडी आणि गवार फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्रभर भिजवलेल्या बियांपासून लावली. काकडी, दोडका आणि दुधी यांना मोठी पिंपे दिली, माठ आणि अंबाडी क्रेटमध्ये पेरली. टोमॅटो या दिवसांत नव्याने लावला नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की त्याची फुले फळ न धरताच गळू लागतात.

वेलांबाबत एक काम मात्र शनिवारवर ढकलता येत नाही. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, आणि चौथ्या मजल्यावर त्या वेळी परागीभवन करणारे कीटक क्वचितच येतात. कार्यालयातून आल्यावर दिवेलागणीच्या सुमारास मी वेलापाशी जाते. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, लव असलेला इवलासा दुधी असतो, नर फुलाचा देठ नुसताच लांब असतो. नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवायचा. चिकट पराग तिथे लागलेले डोळ्यांना दिसतात. दोन-तीन दिवसांत फळाचे तोंड खाली वळून ते फुगू लागले की काम झाले. परागीभवन न झालेले फळ पिवळे पडून गळते. काकडीची फुले सकाळी उमलतात, ती मधमाश्या सांभाळतात.

किडींसाठी वेगळी मोहीम काढावी लागली नाही. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि वांग्याच्या पानांखालचा लाल कोळी कोरड्या हवेत झपाट्याने वाढतात. आठवड्यातून एकदा पाने खालून जोरदार पाण्याने धुणे आणि गरज पडल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे द्रावण मिसळून उन्हे उतरल्यावर फवारणे, एवढ्यावर भागले. सकाळी उशिरा फवारले तर तेलकट पाने उन्हात भाजतात. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागली तर ते रोप उपटून टाकते, कारण तो विषाणू पांढऱ्या माशीमार्फत शेजारच्या रोपांवर पसरतो आणि त्यावर औषध नाही.

पाडव्यापूर्वी ही सगळी कामे उरकली आणि पाडव्याच्या सुमारास भेंडीला पहिली फुले दिसू लागली. आता पुढचे मोठे काम अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या रविवारचे आहे. त्या मुहूर्तावर आळी करून बियाणे लावण्याची आपल्याकडची रीत माझ्या सासूबाई आजही पाळतात. हळदीचे कंद आणि अळूचे गड्डे त्यांनी गोणपाटात गुंडाळून ठेवले आहेत, आणि शेवंतीच्या शेजारचे दोन रिकामे क्रेट त्यांच्यासाठी पाचोळ्याने भरून ठेवायचे आहेत.