तुम्ही विचारलंत म्हणून: घरची वाईन जुनी करावी का?

चार वर्षे अमेरिकेत मुलाकडे राहून मी जालन्याला परतलो, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत असो वा कडवंचीच्या द्राक्षबागेच्या बांधावर, एक प्रश्न मला हटकून विचारला जातो: "सर, तुम्ही तिकडे घरीच वाईन करत होतात म्हणे, स्वस्तात होते का, आणि जितकी जुनी तितकी चांगली हे खरे का?"

कायद्याचे आधी सांगून मोकळा होतो. तिकडे संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी 200 गॅलनपर्यंत वाईन करमुक्त करता येते, फक्त विकता येत नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. तेव्हा पुढचे सारे माहिती म्हणून वाचावे. बागेतला उरलेला माल पिंपात टाकण्यासाठी नव्हे.

स्वस्तात होते, हे खरे. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे 19 लिटरची काचेची बरणी, वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न घेणारे बूच आणि रस काढायची नळी एकदाच घ्यावी लागते. पुढे खर्च द्राक्षरसाचा, थोड्या साखरेचा आणि साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या यीस्टच्या पाच ग्रॅमच्या पुडीचा, आणि त्यात सुमारे 25 बाटल्या भरतात. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते, एवढा हिशोब ठाऊक असला की साखर किती घालायची ते कळते. माझी पहिली खेप मात्र सुरूच झाली नाही. पाच दिवस मी रोज सकाळी बरणीला कान लावत होतो आणि आत एक बुडबुडा नव्हता. रसाच्या डब्यावर बारीक अक्षरांत पोटॅशियम सॉर्बेट लिहिले होते, आणि ते घालतातच मुळी यीस्ट वाढू नये म्हणून. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने लेबल वाचले नाही, यावर सूनबाई अजून हसतात.

आता जुनेपणाचे. एकाच खेपेच्या बाटल्या मी ठरवून वेगवेगळ्या वेळी उघडल्या आणि वहीत नोंदी ठेवल्या. तिसऱ्या महिन्यात ती जिभेला बोचत होती आणि तिला पावासारखा वास होता. नवव्या महिन्यात तीच वाईन नितळ आणि मऊ झालेली होती. पाहुण्यांपुढे ठेवावी अशी ती तेवढ्यातच होती. तिसऱ्या वर्षी जांभळा रंग विटकरी झाला होता आणि वास वाळलेल्या बोरांच्या जुन्या डब्याचा येत होता.

याचे कारण असे की पहिल्या काही महिन्यांतली सुधारणा ही बरीचशी साफसफाई असते: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, यीस्ट तळाशी बसते, आणि गाळ मागे ठेवून वरची वाईन दुसऱ्या बरणीत घेतली की कच्चेपणाचे वास कमी होतात. त्यापुढे वर्षानुवर्षे सुधारत जायचे तर वाईनमध्ये आम्लता आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, यांचा भरपूर साठा लागतो. टॅनिन येते सालीतून आणि बियांतून, आणि मी तर नुसता रस वापरला होता. आपली थॉम्पसनसारखी खाण्याची द्राक्षे पातळ सालीची आणि बिनबियांची. त्यांनाही हेच लागू पडते. असा साठा नसला की काळ फक्त फळाचा सुगंध काढून नेतो आणि झिरपणारी हवा उरलेले काम करते. पूर्वी पेवात ठेवलेली ज्वारी वर्षांमागून वर्षे टिकायची, पण म्हणून ती कोणी नव्या ज्वारीपेक्षा गोड म्हणत नसे. जगातली बहुतेक वाईन, अगदी दुकानातलीसुद्धा, वर्षा-दोन वर्षांत प्यायची म्हणूनच केलेली असते.

त्यात आपला उन्हाळा. वाईन मुरवायची तर तळघरातला 12–14 अंशांचा स्थिर गारवा हवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती मुरत नाही, शिजते. माझ्या एका मित्राने नाशिकहून आणलेली बाटली मुलीच्या लग्नासाठी म्हणून आठ वर्षे लोखंडी कपाटात साड्यांखाली कुलपात ठेवली होती. उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. ग्लासात ओतलेले पाणी काढ्याच्या रंगाचे होते आणि चवीला काहीच उरले नव्हते. वहिनी म्हणाल्या, निदान व्हिनेगर म्हणून तरी वापरू. पण आट्यांचे झाकण इतके घट्ट बसलेले होते की व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवाच मिळाली नव्हती, आणि तेही झाले नव्हते.